डाव्या पंखाखालची तीट

गंधकाचा वास आला की मी घाबरते. सांगायला लाज वाटते, पण घाबरते. थंडी सरत आली, द्राक्षांचे घड भरू लागले, की आडगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागांवर भुरीच्या रोगासाठी गंधक मारतात आणि तो वास बसच्या खिडकीतून सरळ आत येतो. शेजारची बाई नाकाला पदर लावते. मी मात्र मांडीवरची पर्स घट्ट धरते आणि उगाचच मागे वळून बघते, कोणी आपल्याकडे पाहत तर नाही ना! कोण कशाला पाहील? मागे दोन म्हाताऱ्या आणि एक कंडक्टर.

सात वर्षं झाली त्या मोसमाला. माझा बारावीचा मोसम. आमच्या भागात फेब्रुवारी-मार्चात दोन पिकं एकदम काढणीला येतात, द्राक्षं आणि परीक्षा, आणि दोन्हींच्या मागे घरातली माणसं जीव मुठीत धरून उभी असतात. माझा मामा दिंडोरीकडचा बागाईतदार. आभाळात ढगाचा तुकडा दिसला तरी मान खाली घालून चालायचा. म्हणायचा, "वर बघू नको गं पोरी. बघितलं का ते येतंच." गारपिटीचं नावसुद्धा तो घ्यायचा नाही, नुसतं "ते" म्हणायचा. मी हसायचे. त्या वर्षी मीही त्याच्यासारखीच मान खाली घालून चालायला शिकले, फक्त माझं "ते" आभाळातून येणार नव्हतं.

तेव्हा आम्ही ओझरच्या वसाहतीत राहायचो. पप्पा विमानाच्या कारखान्यात, पेंट शॉपला. दुरुस्त होऊन निघालेल्या विमानाला रंग द्यायचा, आणि रंग वाळला की त्यावर आकडे, बाण, बारीक बारीक सूचना उमटवायच्या, हे त्यांचं काम. इथे पाय देऊ नका, इथून उचला, इथे तेल भरा. साच्यातून रंग मारला की अक्षरांमध्ये बारीक फटी राहतात, त्या पप्पा कुंचल्याने भरायचे. हात इतका स्थिर की आई संक्रांतीला हलव्याचे दागिने करायची तेव्हा टोकाचा दाणा चिकटवायला त्यांनाच बोलवायची.

एवढंही मला कळलं ते इतर पोरींच्या वडलांकडून. पप्पा स्वतः कधी काही बोलले नाहीत. त्यांचा एकच नियम होता, "कारखान्यातलं घरात नाही, घरातलं कारखान्यात नाही." गेटवर रोज डबा उघडून दाखवायचा. एकदा त्यांच्या शर्टाच्या खिशातून कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा घरी आला. रंगवताना कडा झाकायला लावतात, ती पट्टी. पप्पांना रात्रभर चैन नाही. आई म्हणाली, "अहो, टाका की केरात."

"केरात कसा टाकू? माझा आहे का तो?"

सकाळी तो तुकडा कागदात गुंडाळून परत घेऊन गेले. अशा माणसाची मी मुलगी, आणि मी काय करून बसले ते आता सांगते.

अकरावीला घरात कॉम्प्युटर आला. अभ्यासासाठी, अर्थातच. मैत्रिणीच्या भावाने विमान उडवायच्या खेळाची एक सीडी दिली. खोटं कशाला सांगू, उडवता मला कधीच आलं नाही. धावपट्टी सोडली की मिनिटभरात डोंगरात! पण त्या खेळातल्या विमानाचा रंग आपल्याला बदलता येतो, आपल्या हाताने पुन्हा रंगवता येतो, हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. विमानाची कातडी म्हणतात त्याला. एक सपाट चौकोनी चित्र असतं. त्यात विमान उसवून पसरलेलं असतं, अंगाची डावी बाजू, उजवी बाजू, पंखांची वरची बाजू, खालची बाजू, शेपूट. तुम्ही ते चित्र रंगवायचं, आणि खेळ ते पुन्हा विमानावर चढवतो. पहिल्यांदा मला काही उमजेना. आई मागून डोकावली आणि म्हणाली, "अगं, ब्लाउजचं कटिंग आहे हे. ही पाठ, हा पुढचा भाग, ह्या बाह्या. शिवण जिथे येते तिथे नक्षी जुळली पाहिजे, नाहीतर फसलं." महिनाभर मी ज्यात अडकले होते ते आईने चहा गाळता गाळता सोडवलं.

मग मी शिकत गेले. परदेशातल्या आणि इथल्या पोरांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, तिथे सगळे आपापली रंगवलेली विमानं टाकत आणि एकमेकांची उणीदुणी काढत. पत्र्याला पत्रा जिथे जुळतो ती रेघ नुसती काळी काढून चालत नाही. काळ्या रेघेला लागून एक फिकट रेघ काढायची, मग ती फट खोल वाटते आणि कडेवर उजेड पडल्यासारखा दिसतो. रिबिटांचे, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांचे, ठिपके सगळे सारखे काढले की विमान छापील दिसतं, म्हणून काही पुसट करायचे. उन्हाने वरचा रंग विटतो, पोटाखालचा तसाच राहतो. प्रत्येक गोष्टीचा वेगळा पारदर्शक थर, एकावर एक. खाली मूळ रंग, त्यावर रेघा, त्यावर अक्षरं, त्यावर मळ. मळाचा थर सगळ्यात वर आणि सगळ्यात विरळ, इतका की आहे असं वाटू नये, पण काढला तर चुकल्यासारखं वाटावं.

मी आमच्या डोक्यावरून रोज जायचं ते विमान रंगवायला घेतलं. मासिकांतले फोटो, चौकात उभारलेलं जुनं विमान, एवढ्यावरच. पप्पांना एक अक्षर विचारलं नाही. पहिलं चित्र कट्ट्यावर टाकलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं. प्लॅस्टिकचं खेळणं आहे. फार स्वच्छ आहे. हे विमान कधी उडलेलंच नाही.

मला रागच आला, पण बरोबर होतं त्यांचं. मी मळलेलं विमान पाहिलंच नव्हतं. पप्पांच्या हातून निघालेलीच पाहिली होती, कोरी करकरीत.

तेव्हा सुरू झाली माझी मळाची शोधाशोध. एसटीच्या मागच्या बाजूला धुराड्याशी काजळी कशी चढते, ते बघायला मी डेपोच्या भिंतीशी उभी. गाडीच्या पायरीवरचा रंग कुठे झिजतो, मधे की कडेला. आणि मामाच्या बागेत तर खजिनाच सापडला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मारलेल्या मोरचुदाचे निळसर पांढरे ओघळ खांबांवर, तारांवर, ट्रॅक्टरच्या टाकीवर अजून होते. मी वहीत ते काढून घेत बसले. मामा म्हणाला, "आता डागांचाबी अभ्यास हाय का बारावीला?"

"मामा, हे ओघळ काही खाली आलेत आणि काही आडवे का गेलेत?"

"अगं येडे, उभ्या ट्रॅक्टरवर सांडलं ते खाली आलं. चालत्या ट्रॅक्टरवर उडालं ते मागं गेलं. त्यात काय लय मोठं?"

त्यात लय मोठं होतं! त्या दिवशी मला कळलं की विमानाच्या अंगावर दोन तऱ्हेचे ओघळ असतात. एक जमिनीवर उभं असतानाचे, सरळ खाली जाणारे. दुसरे उडतानाचे, मागे ओढले गेलेले. दोन्ही एकावर एक आले की ते विमान जगलेलं वाटतं. आजसुद्धा मी द्राक्षांच्या खोक्यांवरची चित्रं करायचं काम करते, घड, पान, दवाचे थेंब, सगळं चकचकीत, आणि अधूनमधून हात शिवशिवतो की एखाद्या मण्यावर गंधकाचा पांढुरका डाग टाकावा. साहेब नोकरीवरून काढतील.

नवं विमान तयार झालं. अभिमानाने मी पप्पांना दाखवलं. ते चष्मा पुसून जवळ आले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय गं? कुठल्या गाढवाने रंगवलंय?"

"पप्पा, मी."

"हे डाग कसले? हा रंग उडालाय इथे, दिसत नाही? आमच्याकडे असलं कोणी करून ठेवलं ना, तर मी परत खरवडायला लावीन." मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, "आणि करडा चुकलाय. चिमूटभर निळा हवा त्यात." एवढं बोलून ते एकदम दचकले. "मी काही बोललो नाही हं," म्हणाले, आणि अंगणात गेले. मी मात्र चिमूटभर निळा घातला.

आता तिटेचं सांगते.

दहावीच्या पहिल्या पेपरला आईने माझ्या कानामागे काजळाची तीट लावली. मी वैतागले. "मी काय तान्ही आहे का? पोरी हसतील." पप्पा बूट घालत होते. तेही माझ्या पेपरच्या घोरात असणार, कारण जन्मात एकदाच त्यांची जीभ घसरली. म्हणाले, "लावून घे गं. मी तर त्या एवढ्या धुडाला लावतो."

कुठल्या धुडाला, आईने विचारलं. मग हळूहळू निघालं. रंग संपला, अक्षरं संपली, तपासणाऱ्यांनी सही केली, की विमान बाहेर काढायच्या आधी पप्पा बारक्या कुंचल्याच्या टोकाने डाव्या पंखाखाली, पंख जिथे अंगाला मिळतो त्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका द्यायचे. तिळाएवढा. कोणाला दिसणार नाही असा. "इतकं देखणं दिसतं गं ते," पप्पा म्हणाले, "भीतीच वाटते. आत पोरगं बसतं कोणाचं तरी. पंचवीस-सव्वीस वर्षांचं."

"अहो, हळू बोला," आई म्हणाली. खिडकीसुद्धा लावली तिने. ठरल्याशिवाय विमानावर एक रेघ जास्त काढायची नसते, हे आम्हाला वसाहतीत राहून न सांगता कळत होतं. ज्याने टेपचा तुकडा परत नेऊन दिला त्या माणसाची आयुष्यातली एकच चोरी, आणि ती अशी.

बारावीच्या त्या फेब्रुवारीत माझं विमान पुरं झालं. ओघळ, काजळी, झिजलेली पायरी, विटलेली पाठ. मी ते पडद्यावर गोल गोल फिरवून बघत होते आणि मला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की भीतीच वाटली. आता याला कोणाची तरी नजर लागणार! सकाळी चांगलं म्हणून जाहीर करायचं आणि दुपारी कोणीतरी नावं ठेवणार. आणि माझा हात गेला. विचार करून नाही, सवयीने जातो तसा गेला. पंखांचं चित्र दोन्ही बाजूंना एकच वापरलं जातं, तिथे दिला तर ठिपका दोन्हीकडे उमटला असता, आणि तीट काही दोन्हीकडे लावत नाहीत. म्हणून मी अंगाच्या डाव्या तुकड्यावर, शिवणीच्या अगदी काठाला, चार बारीक काळे ठिपके एकमेकांना चिकटून मांडले, दोन वर दोन खाली. विमान पालथं करून पाहिलं. तिळाएवढी तीट, नेमकी त्या जागी.

फाइल चढवायला पाऊण तास लागला. फोनची लाइन अडकून पडली म्हणून आई बडबडत होती. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस जणांनी ते उतरवून घेतलं होतं. कोणी लिहिलं होतं, याला तेलाचा वास येतो. कोणी म्हणालं, असं विमान आजवर कोणी केलं नाही. मी घरभर नाचत होते, भौतिकशास्त्राच्या पेपरला चारच दिवस उरलेले असताना.

आणि मग तो निरोप आला. सगळ्यांसमोर नव्हे, फक्त मला. पाठवणाऱ्याचं नाव होतं स्पॅनर, खोटंच नाव, सगळ्यांचीच तशी. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलेलं, एकच ओळ. "बाएँ पंख के नीचे जो काला तिल है, वो आपको किसने बताया?"

कथांमध्ये वाचतो ना, हातपाय गार पडले, ते खरंच पडतात. मी ती ओळ दहादा वाचली. म्हणजे या माणसाने खरं विमान खालून पाहिलंय. म्हणजे तो हवाई दलातला आहे, किंवा कारखान्यातला, किंवा चौकशी करणारा. म्हणजे तो ठिपका कोणाच्या तरी लक्षात आलाय, आणि ते शोधतायत लावणाऱ्याला, आणि मी त्यांना पत्ता दिला.

मी फाइल काढून टाकली. कट्ट्यावरून बाहेर पडले, मोडेमची वायर उपसली. पण त्या एकेचाळीस जणांकडे ते होतंच. सांडलेलं तेल पुसता येतं, हे कसं पुसणार?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. वसाहतीत सुरक्षेची जीप रोज संध्याकाळी फिरायची, लहानपणापासून बघत आलेले. आता ती आमच्या इमारतीपाशी हळू झाली की मी खिडकीपासून मागे सरायचे. पप्पांना यायला दहा मिनिटं उशीर झाला की मला ते एका खोलीत टेबलासमोर उभे दिसायचे. दाराची बेल वाजली की मी न्हाणीघरात. आई म्हणायची, "पेपरचं एवढं टेन्शन घेऊ नये गं," आणि माझ्या हातावर साखर ठेवायची. मी ती साखर तोंडात धरून उभी राहायचे, गिळवायची नाही.

पप्पांची नोकरी गेली तर? नुसती नोकरी नाही. घर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, आमची सगळी ओळख त्या गेटवरच्या पासावर. आणि त्याहून वाईट म्हणजे पप्पांना कोणीतरी चोर म्हणेल. टेपचा तुकडा परत नेऊन देणाऱ्या माणसाला. हे आठवलं की मला रडू यायचं आणि रडायचीसुद्धा भीती वाटायची, आई विचारेल म्हणून.

भौतिकशास्त्राच्या पेपरला भिंगाचं गणित होतं. आकृती काढून मी किरण जिथे मिळतात तिथे पेन्सिलीने ठिपका दिला, आणि त्या ठिपक्याकडे बघतच बसले. किती वेळ, माहीत नाही. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या, म्हणाल्या, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, "बरी आहे." पुढचे दोन प्रश्न राहिले ते राहिलेच.

शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. आणखी एक दिवस जरी पोटात ठेवलं असतं तर आजारी पडले असते. ते गॅलरीत बुटांना पॉलिश करत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, तीट, कट्टा, स्पॅनर, सगळं. मला वाटलं होतं ओरडतील, निदान एक थोबाडीत तरी. त्यांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. तो हात हलत होता. माझ्या जन्मात मी पप्पांचा हात हललेला पाहिला नव्हता.

"किती जणांनी बघितलं?"

"एकेचाळीस."

"पुसलंस?"

"हो."

"पुसलं की जातं का ते?"

"नाही पप्पा."

पप्पांनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. खाली द्राक्षांच्या क्रेट भरलेला टेम्पो चालला होता. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून बंद."

मला वाटलं कॉम्प्युटर बंद. मी मान डोलावली. निकाल लागला, जेमतेम बरा लागला, इंजिनिअरिंगचं आपोआप मिटलं, मी चित्रकलेच्या वाटेला लागले. कोणी आलं नाही. जीप कधी थांबली नाही. पप्पा रोज वेळेवर परत येत होते. दिवाळीपर्यंत मला नीट झोप लागायला लागली होती.

भाऊबीजेला मामा येऊन गेला, त्यानंतर आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "हल्ली सोडलंय त्यांनी."

"काय सोडलंय?"

"तीट लावायची. तुझ्या त्या प्रकारापासून."

झालं. एक भीती गेली आणि दुसरी येऊन बसली, आणि ही दुसरी पहिलीपेक्षा वाईट निघाली, कारण तिला शेवटची तारीखच नाही. पहिली पप्पांची होती, ही दुसऱ्यांच्या मुलांची. डोक्यावरून विमान गेलं की पूर्वी पप्पा वर बघायचेसुद्धा नाहीत, रोजचंच. आता जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे, आवाज पार जाईपर्यंत. पेपरात कुठे विमान पडल्याची बातमी आली, जगात कुठेही, की ते पान घडी घालून गादीखाली ठेवायचे. मी कॉलेजला जायचे, मुलींबरोबर हसायचे, आणि वरून घरघर आली की माझं वाक्य अर्धं तुटायचं. मैत्रिणी म्हणायच्या, हिला विमानाची इतकी हौस!

मी नजरबिजर मानते का? विचाराल तर नाही म्हणेन. पण मला एक कळतं. मी त्या विमानावर मळ चढवला तो शाबासकीसाठी. पप्पा ठिपका द्यायचे तो आतल्या मुलासाठी. देखण्या वस्तूला दोघांनीही डागच लावला, पण माझ्या डागामुळे त्यांचा डाग पुसला गेला. चार वर्षं पप्पांच्या हातून विमानं तशीच गेली, बिनतिटेची. मग ते निवृत्त झाले आणि आम्ही आडगाव नाक्याजवळ राहायला आलो. इथूनही विमानं दिसतात.

या फेब्रुवारीत एक मेल आली. तो जुना कट्टा बंद होतोय, ज्यांना आपले निरोप जपून ठेवायचे असतील त्यांनी महिन्याच्या आत उतरवून घ्यावेत. सात वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आठ दिवस त्या मेलकडे बघत काढले. शेवटी ऑफिसात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून उघडलं. परवलीचा शब्द आठवत होता, माझाच वाढदिवस.

स्पॅनरचे आणखी दोन निरोप होते. पहिला माझ्या पळून जाण्यानंतर आठवड्याभराचा. माफी मागितली होती त्याने. आपण घाबरला असाल, मी चौकशीला आलेलो नाही, मी या विमानांची देखभाल करणारा साधा मेकॅनिक आहे. तो तीळ आम्हाला पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं रंग उडालाय. मग दुसऱ्या विमानावर दिसला, तिसऱ्यावर, त्याच जागी. आता विमान सोडताना आमच्यातला प्रत्येक जण तिथे अंगठा टेकवतो. पुसट झाला तर आम्हीच पेन्सिलीने गडद करतो. कोण लावतं ते जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

दुसरा त्यानंतर सहा महिन्यांचा. नवीन आलेल्या विमानावर तीळ नाही. आम्ही टॉर्च लावून शोधला. लावणारे बरे आहेत ना? कोणी काही सांगत नाही. पोरं काळजीत आहेत.

मी तिथेच, ऑफिसात, तोंडावर ओढणी धरून रडले. घरी येऊन पप्पांना वाचून दाखवलं. हिंदीतच वाचलं, मग मराठीत सांगितलं. पप्पा पलंगावर बसले होते. दुसरा निरोप संपला तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले. एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलत होते. मला कळलं, ते मोजतायत. आकडा मी विचारला नाही आणि त्यांनी सांगितला नाही. कारखान्यातलं घरात नाही.

"सात वर्षं तो माणूस वाट बघतोय," ते म्हणाले. "कळव त्याला. मी बरा आहे म्हणावं. आणि विचार, नंतरची सगळी... नंतरची सगळी नीट आहेत ना?"

मी त्यांच्या समोरच लिहायला बसले. हिंदीत, इंग्रजी अक्षरांत. लावणारे माझे वडील आहेत, सुखरूप आहेत, निवृत्त झाले. माझ्या भीतीमुळे त्यांनी लावायचं सोडलं, चूक माझी आहे. इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. पुढचं वाक्य मला लिहिता येईना. विचारलं तर उत्तर येईल. पप्पांना पडद्यावरचं वाचता येत नाही चष्म्याशिवाय, आणि चष्मा आतल्या खोलीत होता. मी निरोप तसाच पाठवून दिला.

तीन दिवसांनी स्पॅनरचं उत्तर आलं. चारच ओळी. तोही आता निवृत्त आहे, गावी शेती करतो. पप्पांना नमस्कार कळवला होता, आणि जुन्या सोबत्यांना आजच फोन करून सांगतो म्हणाला, की ते बरे आहेत.

मी वाचून दाखवलं. पप्पा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आणि विमानं?"

"सगळी नीट आहेत म्हणाला."

"सगळी?"

"सगळी, पप्पा."

त्यांनी मान डोलावली आणि आईला म्हणाले, "वाढ गं, भूक लागली."